उलट्या तारेचे डाग

आमच्या आत्याच्या हनुवटीवर काळे ठिपके होते. लांबून पाहणाऱ्याला ते गोंदण वाटायचं. पण गोंदण बाईनं हौसेनं करून घेतलेलं असतं, त्याला फुलाचा नाहीतर तुळशीचा आकार असतो. या ठिपक्यांना कसलाच आकार नव्हता. जवळ गेलं की प्रत्येक ठिपक्याखाली बारीक खड्डा दिसे आणि काही खड्ड्यांतून राठ केस वर आलेला दिसे. जवळ जायला मात्र ती कुणाला देत नसे. पदराचं टोक दातात धरून ती दिवसभर कामं करायची.

आम्ही काटेवाडीला राहायचो. कालव्याच्या पाण्यावर आबा वांगी, गवार, मिरची पिकवत आणि माळवं गाडीत घालून बारामतीच्या बाजाराला नेत. घरात आबा, आई, मी आणि आबांची ही धाकटी बहीण. आत्याला इंदापूरला दिलेली होती. मी लहान असतानाच ती परत आली. का आली ते घरात कुणी बोलत नसे. कुणी पाहुणा विचारायला लागला, तर आई म्हणायची, "तिच्या कातडीला खोट निघाली."

मला ठाऊक होतं, कारण ते घडलं तेव्हा मी तिथं होते.

आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात आई मला तिच्या सोबतीला इंदापूरला धाडायची. आत्याच्या यजमानांचं तेलाचं दुकान होतं. त्यांना मी मामा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी गुडीशेव आणायचा, आत्याशी हळू बोलायचा. पण आत्याच्या हनुवटीवर लग्नानंतर केस यायला लागले होते, आणि दुकानावर बसणारी माणसं त्यावरून त्याला टोचून बोलायची. 'तुमच्या घरात मिशा कुणाच्या मोठ्या?' असं कुणीतरी विचारलेलं मीही ऐकलं होतं. मामा हसले होते. घरी आल्यावर मात्र ते जेवले नाहीत.

मग एका बाजाराच्या दिवशी ते एका माणसाला घेऊन आले. अंगात काळा कोट, हातात लाकडी पेटी. पेटीला पितळेचे स्क्रू आणि दोन तारा. बाजारात तो गुडघेदुखीवाल्यांच्या हातात पितळेच्या नळ्या द्यायचा आणि विजेचा झटका द्यायचा. लोक हसत, ओरडत, पैसे देत. केसही मुळापासून काढतो, असं त्यानं मामांना सांगितलं होतं.

दुपारची वेळ होती. सोप्यातल्या खांबाला टेकून आत्याला बसवलं. तिच्या एका हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली नळी दिली. त्या माणसानं सुई काढली, कोटाच्या बाहीला पुसली आणि तिच्या हनुवटीत घातली. एक केस झाला की लगेच त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. त्याला गाव गाठायचं होतं, तो घाईत होता. आत्या ओरडली नाही. तिची उजवी टाच तेवढी जमिनीवर घासत होती, पुढं मागं, पुढं मागं. सारवलेल्या भुईला तिथं खळगा पडला. घरभर एक वास सुटला. केस करपल्याचा, आणि त्याखाली आणखी काहीतरी, पाण्यात गंजत पडलेल्या विळ्यासारखं. मी दारात उभी होते. मला आत जाता येईना आणि बाहेरही जाता येईना.

दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा सुजला. मग खपल्या धरल्या. खपल्या पडल्या तेव्हा खालून काळे ठिपके निघाले, आणि थोड्या दिवसांनी त्या ठिपक्यांतूनच केस परत आले. पुढं एका बाजाराला मामांनी त्या माणसाला धरून आणलं. त्यानं आत्याची हनुवटी वर करून पाहिली आणि सांगितलं, "मी काय करू? बाईची कातडीच खोटी हाय. चांगल्या कातडीला असं व्हत न्हाय."

मामांनी ते मानलं. मूल होत नव्हतं, तेही मग त्याच खोटीत धरलं गेलं. पावसाळा संपता संपता त्यांनी आत्याला काटेवाडीला आणून सोडलं आणि दुसरं लग्न केलं.

आमच्या घरात आत्या सावलीसारखी राहिली, असं मी म्हणणार नाही. ती आईच्या दुप्पट काम करायची. पण काही गोष्टी ती अशा करायची की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. घरातला आरसा तिनं आल्या आल्या भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि तो तसाच राहिला. आई कुंकू लावायची ती अंदाजानं. कालव्यावर धुणं धुवायला बसली, की वाकायच्या आधी आत्या हातानं पाणी ढवळायची. पाणी निवळलं की पुन्हा ढवळायची. मला वाटायचं, पाण्यात कुणीतरी आहे आणि ते वर यायच्या आत ती त्याला मोडते आहे.

मलाही तो वास सोडत नव्हता. जत्रेला बोकडाचं मुंडकं जाळावर भाजायला घेतलं, की मी उठून वांग्याच्या रानात जाऊन बसायचे. डोळे मिटले तरी ती टाच दिसायची.

मी न्हाती झाले, अंगानं भरले, पणदऱ्याच्या एका घरातून विचारणा आली, आणि त्याच सुमाराला माझ्या हनुवटीवर केस दिसायला लागले.

ते पहिल्यांदा आत्यानं पाहिले. आम्ही मिरच्या तोडत होतो. तिनं माझी हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली आणि सोडून दिली. मग सरीतच खाली बसली. "आयला सांगू नगस," एवढंच म्हणाली.

आईला कळायचं ते कळलंच. आई राखेची चिमूट लावून बोटांनी केस उपटायला लागली. केस परत येत, जाड होऊन येत असं आम्हाला वाटे. उपटलेल्या जागी पुटकुळ्या उठत, काही केस आतल्या आत वळत आणि पिकत. आई त्यावर हळद दाबायची. हनुवटी पिवळी आणि लाल दिसायची. आत्या त्या वेळी घरात थांबायचीच नाही.

या सगळ्यातून वाट निघाली ती आबांच्या चुलत्यामुळं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. तात्यांच्या पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचत होते, डोळा सारखा गळायचा. आबांनी त्यांना बारामतीला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई पुण्यामुंबईकडं शिकून आलेल्या, यजमान वकील. परत आल्यावर तात्या सगळ्यांना डोळा उघडून दाखवत सुटले.

"इजंची सुई लावली," ते आईला म्हणाले. "मुंगी चावल्यावानी वाटलं, बास. आन त्यो केस पुन्हा आला न्हाय."

आईच्या डोळ्यांत काय आलं ते मी पाहिलं. आत्यानंही पाहिलं. तिच्या हातात पाण्याची कळशी होती, ती तिनं खाली ठेवली.

"हिला तितं न्यायचं न्हाय," ती म्हणाली.

"त्यो बाजारातला भोंदू व्हता," आबा म्हणाले. "ही शिकलेली बाई हाय."

"पेटी तीच हाय ना, दादा? सुई तीच हाय."

दोन-तीन दिवस घरात याच्यावरून धुसफूस चालली. शेवटी एके सकाळी आत्या माळव्याच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. नीट नेसलेली, पदर तोंडावर. "पेटी आधी मी बघंन," ती म्हणाली. "मग पोरीला हात लावायचा."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे त्यांच्या घराचीच पुढली खोली. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी खुर्ची. बाई पांढऱ्या पातळात, केस आवळून बांधलेले, बोलणं कमी. त्यांनी माझी हनुवटी भिंगातून पाहिली. आईला म्हणाल्या, "उपटणं आजपासून बंद. हळद बंद. ही सूज उतरल्याशिवाय मी सुई लावणार नाही." मग त्यांचं लक्ष आत्याकडं गेलं. आत्या पेटीसमोर उभी होती आणि पेटीला हात न लावता वाकून पाहत होती.

"या तुमच्या कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगायच्या आत आत्यानं पदर सोडला. परक्या माणसासमोर, भर उजेडात. मी काटेवाडीच्या घरात इतकी वर्षं तिच्याबरोबर राहून तिचा चेहरा असा पुरा पाहिला नव्हता.

"माझ्या तोंडाला अशीच पेटी लावली व्हती," ती म्हणाली.

बाईंनी तिला खिडकीशी बसवलं. "हात लावू?" असं विचारलं आणि मगच भिंग धरलं. बराच वेळ पाहिलं. "सुई लावणारा काय म्हणाला?"

"माझी कातडी खोटी, म्हनला."

बाई उठल्या. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, त्यात मीठ टाकून ढवळलं. शिवणकामाच्या दोन नव्या सुया काढून पेटीच्या दोन तारांना एकेक अडकवली आणि दोन्ही सुया पेल्यात, एकमेकींपासून लांब बुडवल्या. पेटीची खुंटी फिरवली.

"बघा आता," त्या म्हणाल्या.

एका सुईवरून बुडबुडे सुटायला लागले, बारीक, भराभर, दूध उतू जाण्याआधी कडेला येतात तसे. दुसऱ्या सुईवर बुडबुडे दिसेनात. तिच्याभोवतीचं पाणी आधी पिवळसर, मग गढूळ झालं. बाईंनी ती सुई काढून पांढऱ्या कापडावर ठेवली. ती काळी पडली होती, कुरतडल्यासारखी खरबरीत झाली होती. दुसरी होती तशीच चकचकीत.

"केस काढायची सुई या बुडबुड्यांच्या तारेला लावायची असते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या तारेला लावली की सुईचं लोखंड झिजतं आणि कातडीत उतरतं. ते तिथंच राहतं. त्यानं तारा उलट्या लावल्या. वर वीज जास्त सोडली, आणि एकाला लागून एक केस घेतले, म्हणून खड्डे पडले."

आत्या त्या काळ्या सुईकडं बघत होती.

"मंजी माझी कातडी..."

"तुमच्या कातडीत काही खोट नव्हती. तसं केलं तर माझ्या हनुवटीवरही असेच डाग पडतील."

 तिनं सुई उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली. तिच्या बोटाला काळं लागलं होतं. ते तिनं पुसलं नाही. घरी येईपर्यंत गाडीत ती बोट तसंच धरून बसली होती.

माझी सूज उतरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी सुई उकळत्या पाण्यातून काढली, हनुवटी स्पिरिटनं पुसली. माझ्या डाव्या हाताशी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाची गादी ठेवली. "मी सांगेन तेव्हा यावर बोट टेकायचं, सांगेन तेव्हा उचलायचं. सुई आत जाताना आणि बाहेर येताना बोट वर हवं. म्हणजे झटका बसणार नाही."

पण मला धाप लागली होती. दुखण्याची भीती नव्हती मला. खुर्चीत बसल्याबरोबर माझी उजवी टाच आपोआप फरशीवर घासायला लागली होती आणि ती थांबेना. ती टाच माझी नव्हतीच, असं मला वाटलं. आत्यानं ते पाहिलं. ती खाली बसली आणि तिनं माझं पाऊल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तिथूनच ती बाईंना म्हणाली, "तारा आदी पान्यात घालून दावा."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पेला घेतला, बुडबुडे दाखवले. पुढंही प्रत्येक खेपेला आत्या ते मागायची आणि त्या दाखवायच्या.

सुई इतकी बारीक होती की आत गेलेली कळलीसुद्धा नाही. केस ज्या तिरक्या अंगानं उगवतो त्याच अंगानं ती मुळापर्यंत सरकवायची, जोर लावायचा नाही. जोर लागला तर वाट चुकली, बाहेर काढायची. मी बोट टेकलं. आत ऊन ऊन चावल्यासारखं झालं. केसाच्या बुडाशी पांढरा फेस आला. बोट उचललं, सुई निघाली, आणि बाईंनी चिमट्यानं धरताच केस लोण्यातून काढल्यासारखा सुटून आला. ओढायला लागला असता तर त्यांनी तो ओढला नसता. मग त्याच्या शेजारचा केस सोडून त्यांनी लांबचा घेतला. थोडेच केस घेऊन त्या थांबल्या.

"आणखी घ्या की," आई म्हणाली. "सोयरीक खोळंबलीय."

"कातडीला सोयरिकीची घाई नसते," बाई म्हणाल्या. "खपली धरेल. ती नखानं काढायची नाही. साबण नको, हळद नको, तेल नको. गार पाण्यानं नुसतं टिपायचं. खपली आपण होऊन पडेपर्यंत उन्हात तोंड उघडं ठेवायचं नाही."

निघताना आत्यानं विचारलं, "माझं काडता येतील का?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "हनुवटीच्या खालच्या अंगाला कातडी चांगली आहे, तिथले केस निघतील. खड्ड्यातल्यांची मुळं वाकडी झाली आहेत, तिथं मी सुई घालणार नाही. आणि काळं माझ्या हातून जाणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली.

माझी खपली पडली. खाली गुलाबी ठिपका होता, तोही निवला. त्याच आठवड्यात आत्यानं आबांकडं मोटारीच्या भाड्याचे पैसे मागितले. इंदापूरला जायचं म्हणाली. आबांनी कारण विचारलं नाही, मला सोबत दिली.

ती वाट मला अजून दिसते. उसाची रानं मागं पडली, माळ लागला, आणि तेव्हापासून आत्या तोंडानं श्वास घ्यायला लागली. इंदापुरात उतरल्यावर ती कुणाला न विचारता सरळ चालत गेली. दुकान तिथंच होतं. मामा गल्ल्यावर बसले होते, केस पिकले होते. आम्हाला पाहून ते उठले आणि आम्हाला मागं घरात घेऊन गेले. तोच सोपा, तोच खांब. भुई नव्यानं सारवलेली होती. तरी माझी नजर त्या जागेवर गेली.

मामांची दुसरी बायको पाणी घेऊन आली. तिच्या कडेवर मूल होतं. आत्यानं पाणी घेतलं, प्याली, तांब्या खाली ठेवला. मग पदर सोडला आणि म्हणाली, "बघा."

मामांनी खाली पाहिलं.

"वर बघा. ह्ये सुईचं लोखंड हाय. तार उलटी लागली व्हती. बारामतीच्या डॉक्टरीणबाईनं पान्यात दावलं मला. कातडीत खोट नव्हती माझ्या."

 मूल आईच्या मण्यांशी चाळा करत होतं.

"आता त्याचा उपेग काय?" मामा हळूच म्हणाले.

"उपेग काय न्हाय. मी ऱ्हायाला आली न्हाय. तुमी मला खोटी म्हनला व्हता, चार मान्सांत. तेवढं माघारी घ्या."

मामांचे ओठ हलले. ते खांबाला धरून उभे होते. मला वाटलं आता म्हणतील. पण त्यांच्या तोंडातून शब्द निघाला नाही. आत्या उभी राहिली, वाट पाहिली, मग पदर डोक्यावर घेतला. तोंडावर नाही, डोक्यावर. "चल," मला म्हणाली.

मला वाटलं होतं, आता ती मोकळी होईल. एका अर्थानं झालीही. ती तोंड उघडं ठेवून रानात जायला लागली, आबांबरोबर बाजारात माळवं विकायलाही बसली. कुणी विचारलं तर सांगायची, "इजंनं भाजलं." पण कालव्यावर बसली की आता ती पाणी ढवळायची नाही. टक लावून बघत राहायची, धुणं तसंच पडायचं. एकदा मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती म्हणाली, "आदी मला वाटायचं, माझ्यातच काय तरी वंगाळ हाय. त्यात एक सोय व्हती, पोरी. सोसायला येत व्हतं. आता कळलं, नुसती तार व्हती. दोन तारा हिकडच्या तिकडं."  मी तिच्या पुढ्यातलं धुणं ओढून घेतलं आणि धुवायला लागले. 

माझं काम वर्षाहून जास्त चाललं. काही केस परत आले, बाईंनी ते पुन्हा घेतले. पणदऱ्याची माणसं थांबली, हे माझं नशीब. लग्न झालं तेव्हा जबड्याखाली थोडे केस राहिले होते. पुढं बाईंच्या यजमानांनी दुसरीकडं वकिली मांडली आणि त्या बारामती सोडून गेल्या. ते केस अजून आहेत. मी ते कातरीनं कापते, उपटत नाही.

आत्या माझं पहिलं बाळंतपण काढून गेली आणि त्या हिवाळ्यात तापानं वारली. तेराव्याला मी काटेवाडीत होते. पंगती उठल्यावर एक बाई दारात येऊन उभी राहिली. आईनं ओळखलं नाही, मी ओळखून आईला सांगितलं. मामांची दुसरी बायको होती. एकटीच मोटारीनं आली होती, हातात खणाचा तुकडा.

आईनं तिला आत घेतलं. ती चुलीपाशी बसली आणि इकडंतिकडं न करता विचारलं, "त्या मरताना आमच्याबद्दल काय बोलल्या का?"

"न्हाय," आई म्हणाली. "काय बी न्हाय."

"बोलल्या असत्या तर बरं झालं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या येऊन गेल्या आन यांची दाढी ऱ्हायली. वस्तरा हातात घेत्यात, आन ठिवत्यात. मला हनवटी दावत्यात. म्हनत्यात, बघ, काळं दिसतंय का? मी म्हनते न्हाय. ते म्हनत्यात, नीट बघ. रोज सकाळी, रोज. पोरगं भेतंय त्यांना. मी बारामतीच्या त्या बाईकडं न्यावं म्हनलं, तर त्या गेल्या म्हनं गाव सोडून."

आईनं माझ्याकडं पाहिलं.   त्या माणसाच्या हनुवटीवर काही नसणार, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

आईनं तिच्यापुढं ताट वाढलं. ती जेवली, पोटभर जेवली, कारण सकाळपासून उपाशी होती. खण तिनं आत्याच्या नावानं माझ्या ओटीत घातला. मग इंदापूरकडं जाणारी मोटार यायची वेळ झाली, म्हणून मी तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेले.